पार्किन्सनमध्ये पाय अडतात, पाठ वाकते, तेव्हा घरच्यांनी काय करायचं

सगळ्यात पहिले एक गोष्ट घरातल्या प्रत्येकानं पक्की समजून घ्या, पार्किन्सनचा पेशंट मुद्दाम हळू चालत नाही. आळस नाही, हट्ट नाही, आणि बहुतेक वेळा पायात ताकद नाही असंही नसतं. आमचे आप्पा (सासरे माझे, अमळनेरजवळच्या गावात असतो आम्ही, आयुष्य कपाशीच्या शेतात गेलं त्यांचं) मोरीच्या दारात अडले की म्हणतात, "मना पाय जमीनले चिकटी जातस". आणि गल्लीतलं कोणी भेटायला आलं की सल्ला ठरलेला, तूप खाऊ घाला, पायाला तेल चोळा. चोळा, त्यात वाईट काही नाही, पण अडलेलं पाऊल त्यानं सुटत नाही कारण बिघाड पायात नाहीच, वर मेंदूत आहे.

आपण चालतो तेव्हा आता पाय उचल, आता टाच टेक, आता हात हलव असं मनात म्हणत नाही ना, गप्पा मारत मारत आठवडे बाजार करून येतो. हे काम मेंदूच्या आतला एक भाग परस्पर उरकतो आणि त्याला डोपामिन नावाचं रसायन लागतं. पार्किन्सनमध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी कमी होत जातात, म्हणून जे जे आपोआप व्हायचं ते आधी बिघडतं. चालणं, वळणं, चालताना हात हलणं, ताठ उभं राहणं, झोपेत कूस बदलणं, इतकंच काय अक्षर नि आवाजसुद्धा बारीक होतो. पण जे लक्ष देऊन, ठरवून करायचं त्याची वाट मेंदूत वेगळी आहे आणि ती बरीच शाबूत राहते. ट्रॅक्टरचं इंजिन चांगलंय पण सेल्फ गेलाय, उतारावर लावला की चालू होतो, असंच समजा. आता घरात तो उतार कसा करून द्यायचा, एवढंच सांगायचंय मला.

चालण्यात काय काय बिघडतं ते आधी ओळखा

सुरुवात बहुतेक एका हातापासून होते, चालताना एक हात हलतो आणि दुसरा अंगाला लागून राहतो. खांदा आखडला म्हणून लोक महिनोन् महिने शेक देत बसतात. मग त्या बाजूचा पाय घासायला लागतो, चपलेचा आवाज येतो फरफर, पावलं आखूड होतात, वळायला आधी दोन पावलं लागायची तिथे सात-आठ छोटी छोटी पावलं लागतात. पुढे काहींचं असं होतं की अंग पुढे झुकतं, पावलं बारीक आणि भरभर पडायला लागतात आणि माणूस पळतोय असं वाटतं, थांबताच येत नाही. लंडनच्या जेम्स पार्किन्सन डॉक्टरनं 1817 साली हा आजार पहिल्यांदा नीट लिहून ठेवला त्यातही पुढे झुकणं आणि चालता चालता पळायला लागणं हे दोन्ही आहे. आणि मग ते अडणं, ज्याला डॉक्टर लोक फ्रीझिंग म्हणतात. पाऊल टाकायची इच्छा आहे, वरचं अंग पुढे निघालंय आणि पाय जागेवर थरथरतायत. पडतात ते बहुतेक इथेच.

अडायच्या जागा ठरलेल्या असतात. उठून पहिलं पाऊल टाकताना, दारात, दोन वस्तूंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, वळताना, आणि खुर्ची हाताशी आली की शेवटच्या दोन पावलांना. शिवाय घाई झाली की हमखास, फोन वाजला, दारावर कोणी आलं, लघवीची घाई लागली. एकदा तुमच्या घरातल्या या जागा कागदावर लिहून काढा, निम्मं काम तिथेच होतं.

पाय अडला की

ओढायचं नाही. हे मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहून ठेवा पाहिजे तर. पाहुणे आले की प्रेमानं दोन्ही हात धरून समोरून ओढतात, चला चला आप्पा, आणि वरचं अंग पुढे येतं, पाय मागेच राहतात, माणूस तोंडावर येतो. मागून ढकलणं तर त्याहून वाईट. आणि "उचला ना पाय, उचला" असं तीन-तीन जणांनी ओरडायचं नाही, बोलायचं तर एकानंच बोलायचं.

आमच्याकडे चार शब्द ठरलेत, घरातल्या नातवालाही पाठ आहेत. थांबा, ताठ व्हा, डोला, टाका. थांबा म्हणजे पुढे जायची झटापट पूर्ण सोडून द्यायची, एक श्वास घ्यायचा. ताठ म्हणजे गुडघे सरळ, मान वर, टाचा जमिनीला टेकवायच्या, कारण अडलेलं माणूस बहुतेक चवड्यांवर आलेलं असतं. डोला म्हणजे जागच्या जागी अंगाचा भार डाव्या पायावर, उजव्या पायावर, परत डाव्यावर, सावकाश. एका पायावर भार गेला की दुसरा पाय मोकळा होतो, तो मोकळा झाल्याशिवाय उचलणार कसा? मग टाका, म्हणजे एक मोठं पाऊल, टाच आधी. छोटं पाऊल टाकून बघू असं नाही, पहिलंच पाऊल मोठं पाहिजे. याची सवय माणूस अडलेला नसताना करून घ्यायची असते, रोज सकाळी पार्किन्सनची गोळी लागू झाली, म्हणजे तिचा असर सुरू झाला, की उभं राहून, नाहीतर ऐन वेळेला काही आठवत नाही.

एवढं करूनही सुटलं नाही तर तुमचं पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवं ठेवा आणि म्हणा हे ओलांडा. कितीदा तरी माणूस जे सपाट जमिनीवर करू शकत नाही ते आडवी वस्तू ओलांडताना सहज करतं. तुमचा पाय मात्र तेव्हा हलवू नका आणि एक हात त्यांच्या कमरेजवळ तयार ठेवा. हेच कारण आहे की सपाटीवर अडणारी बरीच माणसं जिना मात्र नीट चढतात. बघणाऱ्याला खोटं वाटतं, पण पायरी म्हणजे डोळ्यासमोरची आडवी रेघ, ती मेंदूला सांगते पाय कुठे टाकायचा. कठडा धरायचा मात्र सोडायचा नाही, उतरताना जास्त सांभाळायचं.

फरशीवरच्या रेघा

हा उपाय सगळ्यात स्वस्त आहे आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त कामाला आला. इलेक्ट्रिकवाल्याची रंगीत टेप आणा, फरशीच्या रंगाच्या उलट रंगाची, काळ्या शहाबादीवर पांढरी किंवा पिवळी. जायच्या वाटेला आडव्या पट्ट्या मारायच्या, लांबीच्या दिशेनं नाही. दोन पट्ट्यांत अंतर किती? गोळीचा असर चांगला असतो त्या वेळेला त्यांना चालायला लावा, एक चांगलं पाऊल पडतं ते मोजा आणि तेवढं ठेवा, बहुतेक म्हाताऱ्या माणसांचं सव्वा ते दीड फूट येतं. जास्त ठेवलं तर तोल जातो. खाटेपासून मोरीपर्यंत आणि मोरीच्या दाराच्या दोन्ही बाजूंना एवढंच पुरे, घरभर मारत बसू नका, सगळीकडे रेघा झाल्या की रेघेकडे लक्षच जात नाही. अंगणात किंवा ओट्यावर चुन्यानं ओढा. टेपचा कोपरा उचकटला की त्याच दिवशी बदला, नाहीतर तोच पायात अडकायचा.

आणि हो, रेघेवर नुसतं पाऊल पडू देऊ नका, रेघ ओलांडायची असं सांगा. नजर पायाच्या बोटांवर न ठेवता दोन रेघा पुढे. दारातून जाताना चौकटीकडे बघायचं नाही, पलीकडची एखादी वस्तू धरायची नजरेत, आतली खुंटी, बादली, काहीही, आणि तिच्याकडे चालायचं. जुन्या धाब्याच्या घरांना उंच उंबरे असतात, तो उंबरा काढता येत नसेल तर त्याच्या कडेला चमकणारा पिवळा पट्टा रंगवा म्हणजे तो दिसतोही आणि पाऊलही उचलून पडतं.

ठेका

कानावर ठेका पडला की पाय त्याच्यावर पडतो. मागच्या श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला ढोल गल्लीत आला, आणि सकाळी खाटेपासून दारापर्यंत दोनदा अडलेले आप्पा ओटा उतरून मिरवणुकीसोबत पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेले, न अडता. शेजारच्या बायका मला म्हणतात, मग घरात नाटक करतात का ते? नाटक नाही हो, आजारच तसा आहे. सकाळी अडतो आणि दुपारी चालतो, घरात अडतो आणि डॉक्टरसमोर नीट चालतो. पेशंटला याच्यावरून बोलणं बंद करा, त्या बोलण्यानं ताण येतो आणि ताणानं अजून अडतं.

रोज काय ढोल आणणार नाही आपण. मोबाईलमध्ये मेट्रोनोमचं फुकट ॲप मिळतं, टिक टिक वाजणारं. पेशंट चांगला चालत असतो तेव्हा अर्ध्या मिनिटात किती पावलं पडतात ते मोजा, दुप्पट करा, तेवढ्यावर ॲप लावा. लोकांना वाटतं वेग वाढवला की माणूस भरभर चालेल, पण तसं केलं की पावलं बारीक होतात आणि पळत सुटल्यासारखं होतं. आधी लांब पाऊल, वेगाचं नंतर बघू. ॲप आवडत नसेल तर भजन आहेच, आप्पा टाळ वाजवायचे भजनी मंडळात, "विठ्ठल विठ्ठल" म्हणत एका विठ्ठलाला एक पाऊल, हे त्यांना टिकटिकपेक्षा पटतं. एक-दोन, एक-दोन मोठ्यानं मोजलं तरी चालतं.

सायकलचंही सांगते कारण आपल्याकडच्या जुन्या माणसांची सायकल हाडात असते. 2010 मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी एका 58 वर्षांच्या पेशंटचा व्हिडिओ छापला होता, चालताना दोन-चार पावलांत पडणारा माणूस, सायकलवर बसवला तर सरळ चालवत गेला, वळवली पण. उतरला की परत पाय चिकटले. म्हणून लगेच आजोबांना सायकल देऊन रस्त्यावर सोडू नका, चढताना-उतरताना पडतील. घरातली जागेवरची सायकल मात्र चांगला व्यायाम आहे, डॉक्टरला विचारून लावा.

वळणं

जागच्या जागी गर्रकन वळायचं नाही, पाय एकमेकांत अडकतात. मोकळी जागा असेल तर बैलगाडी वळवतात तसा मोठा फेर घेऊन वळायचं, पावलं टाकत टाकत. मोरीत, स्वयंपाकघरात जागा नसते तिथे घड्याळ डोक्यात ठेवायचं, बाराकडे तोंड आहे, आता एक पाय तीनकडे, दुसरा त्याच्याजवळ, मग सहाकडे. प्रत्येक वेळी पाय उचलून. वळता वळता बोलायचं नाही आणि मागून हाक मारायची नाही. ही हाकेची सवय घरातल्यांची सुटता सुटत नाही, आमच्या सासूबाई अजून मारतात.

एका वेळी एकच काम हा नियम एकूणच पाळा. चालताना चहाचा ग्लास नेणं, खिशातले पैसे मोजणं, मोबाईलवर बोलणं बंद. वस्तू न्यायची असेल तर खांद्याला अडकवायची पिशवी द्या, दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत. जुन्या माणसांना पाठीमागे हात बांधून चालायची सवय असते, ती सोडवा, हात मोकळे सोडून मुद्दाम मोठे हलवले की पाऊलही लांब पडतं. तुम्ही सोबत चालत असाल तर समोर नाही, बाजूला, अर्धं पाऊल मागे, आणि तुम्ही त्यांचा हात धरण्यापेक्षा त्यांना तुमचा हात धरू द्या.

अजून एक, जे फारसं कोणी सांगत नाही. कपाट उघडताना, फ्रिजचं दार ओढताना, दांडीवरचे कपडे काढताना हे लोक मागे पडतात, लाकूड पडावं तसे सरळ, कारण तोल गेल्यावर आपण पटकन पाय मागे टाकतो तो त्यांचा टाकलाच जात नाही. म्हणून काही ओढायचं असेल तर दाराच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं, एक पाय पुढे एक मागे, आणि एका हातानं काहीतरी घट्ट धरायचं.

उठणं-बसणं

सैल झालेली बाज ही पार्किन्सनच्या माणसाची दुष्मन आहे. बूड खाली जातं, गुडघे वर येतात, उठणार कसं? एकतर दावण आवळून घ्या नाहीतर सरळ लाकडी पलंग, बसल्यावर पाय जमिनीला टेकतील आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहतील एवढा उंच. प्लास्टिकची खुर्ची हलकी असते, मागे सरकते, तिच्याऐवजी हात असलेली जड लाकडी खुर्ची भिंतीला लावून ठेवा. आपल्याकडे घराघरात झोका असतो, त्यावर पार्किन्सनच्या माणसाला बसवू नका, बसता बसताच तो मागे जातो.

उठताना आधी खुर्चीच्या कडेला सरकायचं. पाय मागे घ्यायचे, गुडघ्यांच्याही थोडे मागे, दोन्ही पायांत वीतभर अंतर. मग नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं आणि हातांनी खुर्ची दाबत, एक दोन तीन म्हणून उठायचं. लोक मागे रेलूनच उठायला बघतात आणि परत धपकन बसतात, म्हणून ते नाक पुढे न्यायचं सारखं सांगावं लागतं. उठलं की लगेच चालायचं नाही, दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहायचं. बसताना उलटं, मागे येत येत दोन्ही पोटऱ्यांना खुर्ची लागल्याशिवाय बसायचंच नाही. पंगतीत खाली बसायला सांगू नका, लग्नात टेबल-खुर्ची मागा, यात कसली लाज.

वाकलेली पाठ

मान पुढे, खांदे गोल, कोपर नि गुडघे वाकलेले, हे पार्किन्सनचं ठरलेलं उभं राहणं. स्नायू आखडतात ते एक, पण दुसरं महत्त्वाचं असं की आपण वाकलोय हे त्यांना कळतच नाही, त्यांच्या हिशोबानं ते सरळच असतात. "ताठ बसा, ताठ बसा" दिवसभर म्हणून काही होत नाही, फक्त भांडण होतं. बाजूनं मोबाईलवर फोटो काढून दाखवा, आप्पांनी पहिल्यांदा फोटो बघून विचारलं होतं हा कोण?

उपाय भिंतीचा. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, टाचा भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे, बूड आणि खांदे भिंतीला, आणि डोकं मागे लावायचा प्रयत्न, हनुवटी वर न करता. डोकं नाही टेकलं तर नाही, जबरदस्ती नको. तसंच पाच-सहा लांब श्वास घ्यायचे, जमलं तर दोन्ही हात भिंतीवरून वर सरकवायचे. समोर खुर्ची ठेवा धरायला. दिवसातून चार-पाच वेळा, चहाच्या आधी, जेवणाआधी असं कशाला तरी जोडून दिलं तरच होतं. दुपारी पलंगावर पाठीवर सपाट झोपणं, अर्धा तास, हाही व्यायामच आहे. दोन-दोन जाड उशा असतील तर एकदम नाही, हळूहळू उंची कमी करा, जाड उशीनं मान अजून पुढे येते. ज्यांना जमतं, श्वासाचा-हृदयाचा त्रास नाही, त्यांनी थोडा वेळ पालथं झोपावं.

पण इथे दोन इशारे. मणक्याची हाडं ठिसूळ असतील, विशेषतः आपल्या बायकांची, किंवा पाठीत अचानक दुखायला लागलं असेल तर आधी एक्स-रे, पाठ मागे वाकवायची नाही. आणि ज्यांचा तोल मागे जातो त्यांना अति ताठ करायला जाऊ नका, ते मागेच पडतील. काही पेशंट उभं राहिल्यावर कमरेत इतके वाकतात की काटकोनाकडे जातात आणि आडवे झाले की पाठ एकदम सरळ, काही एका बाजूला कलतात, याला वेगळी नावं आहेत आणि वेगळा इलाज लागतो, कलणं तर कधी कधी एखाद्या औषधामुळेही असतं. हे दिसलं की न्यूरोलॉजिस्टला (मेंदूच्या डॉक्टरला) दाखवा, कंबरेचा पट्टा मेडिकलमधून आणून बांधू नका.

काठीचंही पाठीशी नातं आहे. काठी आखूड असली की माणूस तिच्यावर वाकतो. चप्पल घालून हात खाली सोडा, मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ आली पाहिजे. उचलून ठेवायचा चार पायांचा वॉकर बहुतेकांना सोसत नाही, उचल-ठेव-चाल यात ठेका तुटतो आणि उचलताना तोल मागे जातो, चाकांचा ब्रेकवाला बरा पडतो, पण ज्यांची पावलं पळत सुटतात त्यांच्यासोबत चाकंही पळतात. घ्यायच्या आधी फिजिओथेरपिस्टसमोर चालवून बघा, शेजाऱ्याकडे पडून आहे म्हणून आणू नका.

चप्पल, कपडे, घर

अंगठ्याची चप्पल आणि स्लीपर बंद. मागून पट्टा असलेली, वेलक्रोची, पायात घट्ट बसणारी सँडल. तळवा गुळगुळीत नको तसा फार चिकट रबराचाही नको, पाय घासणाऱ्या माणसाचा तो अडकतो. धोतराचा सोगा, लुंगी, लांब पायजमा घोट्याच्या वर. साडी नेसणाऱ्या आजींचा परकर दोन बोटं वर शिवून घ्या, निऱ्यांत पाय अडकून पडणं फार.

गोणपाटाची पायपुसणी, सतरंजीची दुमडलेली कड, वायरी, अंगणातली पाण्याची नळी उचला. मोरीत शेवाळ घासून काढा, धरायला भिंतीत दांडी ठोका, टॉवेलची दांडी नाही, ती उपटून येते. रात्री लघवीला उठताना पडणारे जास्त, म्हणून रात्रभर छोटा दिवा आणि लाइट जाते आपल्याकडे तर चार्जिंगचा दिवा उशाशी, नाहीतर पलंगाजवळ भांडंच ठेवा. उकिडवं बसायच्या संडासाऐवजी कमोड किंवा कमोडची खुर्ची.

गोळीची वेळ आणि बाकीची औषधं

चालण्याचा व्यायाम, आंघोळ, बाहेर जाणं, सगळं गोळी लागू असते त्या वेळेत करायचं. लेव्होडोपाची गोळी (हेच पार्किन्सनचं मुख्य औषध, मेंदूत त्याचं डोपामिन होतं) घड्याळावर द्यायची, दहा-वीस मिनिटांची ढिलाई कोणाकोणाला लगेच पायात दिसते. डाळ, दूध, पनीर, अंडी यांतली प्रथिनं या औषधाला आत जाताना आडवी येतात, म्हणून गोळी जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी साध्या पाण्यासोबत. वरण-बट्टी बंद करायची नाही हो, फक्त गोळी आणि वरण एकत्र नको. मळमळ होत असेल तर डॉक्टरला विचारून सोबत थोडं काही. लोहाची गोळी चालू असेल तर तीही दोन तास लांब. बद्धकोष्ठ असेल तर औषध उशिरा लागू होतं, त्याकडे बघा. आणि गोळी मनानं वाढवू नका, एकदम बंद तर कधीच करू नका. पाय अडणं बहुतेकांचं औषध उतरल्यावर असतं पण काहींचं भर असरातही असतं, तिथे डोस वाढवून उपयोग नसतो. म्हणून आठवडाभर वहीत लिहा, गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, अडले किती वाजता, पडले कुठे.

खेड्यात एक धोका फार मोठा आहे. ॲसिडिटी, उलटी, चक्कर यांच्या साध्या वाटणाऱ्या गोळ्या. लेव्होसल्पिराइड (ॲसिडिटीच्या कितीतरी कॅप्सूलमध्ये मिसळलेलं असतं), मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, चक्करवर देतात ते सिनारिझिन, फ्लुनारिझिन. ही औषधं पार्किन्सन वाढवतात, कधी कधी तर ज्याला पार्किन्सन नाही त्यालाही तशी चाल करून ठेवतात. नावं कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि कोणताही डॉक्टर नवीन गोळी देत असेल तर कागद पुढे करा. कुयरीच्या, म्हणजे कवचबीजाच्या पावडरमध्ये खरंच लेव्होडोपा असतं, म्हणूनच ती चालू गोळीच्या वर परस्पर घ्यायची नाही.

आपल्याकडचा उन्हाळा वेगळा सांगायला नको, एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा 45 पर्यंत जातो. पार्किन्सनमध्ये तसंही बऱ्याच जणांचं उभं राहिल्यावर बीपी पडतं, त्यात अंगातलं पाणी कमी झालं की डोळ्यांपुढे अंधारी आणि धाडकन खाली. घरी बीपीचं मशीन असेल तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजा, वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 नं पडत असेल तर डॉक्टरला सांगा. फिरणं पहाटे उन्हाआधी, पाणी दिवसभर थोडं थोडं, झोपेतून एकदम उठायचं नाही.

पडलेच तर

लगेच काखेत हात घालून उचलू नका. आधी विचारा कुठे दुखतंय, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतोय का बघा, तसं असेल तर खुब्याचं हाड असू शकतं, हलवू नका, 108 ला फोन करा. सगळं ठीक असेल तर त्यांना कुशीवर, मग रांगायच्या स्थितीत आणा, समोर जड खुर्ची ठेवा, हात खुर्चीवर, एक पाय पुढे आणि उठवा. डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर बरं वाटत असलं तरी दवाखाना. डोक्याचा मार लागून आठवड्या-दोन आठवड्यांनी गुंगी, बडबड, चाल एकदम बिघडणं असं झालं तर तेव्हाही.

दोन-चार दिवसांत चाल एकदम खराब झाली तर आजार वाढला म्हणून गप्प बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, ताप, नवीन औषध, अर्धांगवायू यातलं काही असू शकतं. आजाराच्या पहिल्याच वर्षात सारखं पडायला लागणं, किंवा लहान पावलं, लघवीवर ताबा नाही आणि विसरभोळेपणा हे तीन एकत्र दिसणं, हे पार्किन्सनसारखं दिसणारं दुसरंच काही असू शकतं, न्यूरोलॉजिस्टला तसं स्पष्ट विचारा.

डॉक्टरकडे जाताना व्हिडिओ न्या. तपासणीच्या खोलीत हे लोक जोर लावून छान चालतात, डॉक्टर म्हणतो बरे आहेत की. घरात एक मिनिटाचा काढा, खुर्चीतून उठणं, दहा पावलं, वळणं, परत येणं, दारातून जाणं, एकदा गोळीआधी आणि एकदा गोळीनंतर तासाभरानं, समोरून आणि बाजूनं. फिजिओथेरपीची चिठ्ठी मागून घ्या, डॉक्टर आपणहून देतीलच असं नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे चौकशी करा. पुण्याला पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मराठीतूनच काम चालतं त्यांचं. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत पार्किन्सन आहे, त्याचं प्रमाणपत्र सरकारी दवाखान्यातून निघतं, अर्ज ऑनलाइन करायचा. तपासणीला बोलावतात त्या दिवशी गोळीची वेळ, पाण्याची बाटली आणि तो व्हिडिओ सोबत ठेवा, रांग लांब असते, बसायला जागा आधी धरा.